मशहूर आणि नोटोरियस

चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून दहावीला चांगले गुण मिळवून बाहेर पडलेली एक मुलगी शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला गेली. अर्जासोबत स्वतःविषयी पानभर इंग्रजीत लिहायचे होते. तिचे अब्बा शिवणकाम करतात. आमच्या भागात शेरवानी शिवायची म्हटली की लोक त्यांच्याच दुकानाचा पत्ता सांगतात. मुलीला अब्बांचा अभिमान, म्हणून तिने साधा शब्द न वापरता वजनदार शब्द निवडला आणि लिहिले, "माय फादर इज अ नोटोरियस टेलर इन अवर एरिया."

समोर बसलेल्या तिघांपैकी एकाने ते वाक्य मोठ्याने वाचले. दुसऱ्याने हसत विचारले, "का बेटा, कापड चोरतात का तुझे वडील?" मुलीला काही कळेना. घरी येऊन तिने लुगत उघडली तेव्हा समजले की नोटोरियस म्हणजे वाईट गोष्टीसाठी सगळ्यांना ठाऊक असलेला. आपल्या भाषेत बदनाम, कुप्रसिद्ध.

तो शब्द तिला आम्ही दिला होता. दरवर्षी दहावीच्या वर्गाला आम्ही पाचशे कठीण शब्दांची एक यादी झेरॉक्स काढून वाटत असू. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात एक उर्दू किंवा मराठी शब्द. तिथे स्वच्छ अक्षरात होते : नोटोरियस, मशहूर. मुलीने पाठांतर चोख केले होते. चूक रकान्याची होती आणि रकाना आमचा होता.

शिष्यवृत्ती त्या वाक्यामुळेच गेली असे म्हणता येणार नाही. पण सायन्सला जायचे म्हणणारी ती मुलगी शेवटी आर्ट्सला गेली आणि पुढची दोन वर्षे इंग्रजीत चार ओळी लिहायची वेळ आली की काही ना काही निमित्त काढून टाळायची. तिच्या अब्बांना हा किस्सा तिने आजवर सांगितलेला नाही. आम्हीही सांगितला नाही. इथे लिहितो आहोत तो तिच्या परवानगीने.

त्या प्रसंगानंतर आम्ही ती यादी बंद केली आणि कठीण शब्द शिकवायचा दुसरा रस्ता शोधू लागलो. आम्ही मूळचे उर्दू आणि मराठीचे शिक्षक. इंग्रजी आमच्याकडे आले ते शाळेत दुसरे कोणी नव्हते म्हणून. त्यामुळे हा रस्ता विद्वानाने दाखवलेला नाही, ठेच लागलेल्या माणसाने चाचपडत काढलेला आहे. वाचकांच्या घरातही उर्दू, मराठी किंवा सेमी इंग्रजीतून शिकणारी मुले असतील, त्यांना याचा काही उपयोग होईल, या आशेने हे लिहिणे.

यादीचा दोष काय, हे आधी पाहू. एका शब्दासमोर दुसरा शब्द ठेवला की मुलाला वाटते, दोन्ही एकाच वजनाचे आहेत, एक काढून दुसरा बसवता येतो. पण दोन भाषांतले शब्द असे काट्यावर मोजून बनलेले नसतात. नोटोरियसच्या मुळाशी लॅटिनमधला 'ठाऊक असलेला' हाच अर्थ आहे आणि जुन्या इंग्रजीत तो नुसत्या 'सर्वांना ठाऊक' अशा अर्थानेही येत असे. म्हणजे मशहूर हा अर्थ आम्ही अगदीच हवेतून आणला नव्हता. पण आज त्या शब्दाला एक काळा डाग चिकटलेला आहे, आणि तो डाग रकान्यात मावत नाही. तो व्याख्येत दिसतो, आणि उदाहरणाच्या वाक्यात तर फारच लवकर दिसतो. 'अ नोटोरियस क्रिमिनल' एवढे तीनच शब्द त्या मुलीच्या वहीत असते तरी पुरले असते.

व्याख्येला उर्दू शाळेत काय म्हणतात, ठाऊक आहे ना? तारीफ. इस्म की तारीफ, फेल की तारीफ. बोलताना तारीफ म्हणजे स्तुती, आणि अनोळखी पाहुण्याला आपण अदबीने "आपकी तारीफ?" असे विचारतो तेव्हा तारीफ म्हणजे ओळख. अरबीत या शब्दाच्या मुळाशी 'माहीत करून देणे' हा अर्थ आहे. आम्हाला हे फार आवडते. शब्दाची तारीफ सांगायची म्हणजे त्याची ओळख करून द्यायची : कुठला, कोणात उठतो-बसतो, कुठे गेला तर शोभतो आणि कुठे गेला तर तोंडघशी पाडतो.

ही ओळख सोप्या भाषेत करून देणे किती कठीण आहे, हे मोठमोठ्या कोशकारांनाही जड गेलेले आहे. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश 1755 साली निघाला. त्या कोशाचे मोठेपण सगळे मान्य करतात, पण त्यात साध्या जाळीची व्याख्या इतक्या अवघड शब्दांत केली होती की लोकांनी पुढे शेकडो वर्षे तिची थट्टा केली. इंग्रजी ज्याच्या घरात बोलतात त्याला अशी व्याख्या एक वेळ चालेल. आपल्या मुलांना नाही चालत. एक शब्द पाहायला कोश उघडावा तर व्याख्येतलेच तीन शब्द अडतात, ते पाहायला जावे तर आणखी सहा. मूल कोश मिटून ठेवते, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

या अडचणीवर ज्याने नेटाने काम केले तो माणूस आपल्याच उपखंडात शिक्षक होता. मायकेल वेस्ट हे बंगालमध्ये शिक्षण खात्यात होते आणि ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुले इंग्रजीच्या पुस्तकात कुठे अडतात ते त्यांनी वर्गात बसून पाहिले. 1935 साली त्यांचा जो कोश निघाला त्यात सुमारे 24,000 शब्द आणि वाक्प्रचार होते, आणि त्या सगळ्यांची व्याख्या फक्त 1,490 शब्दांत केलेली होती. म्हणजे ज्याला ते दीड हजार शब्द येतात त्याला कोश उघडल्यावर दुसरा कोश शोधावा लागत नाही. तिकडे जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी हे आपल्या दोन सहकाऱ्यांसोबत शिकणाऱ्यांसाठी कोश तयार करत होते. तो 1942 साली टोकियोत छापला गेला आणि 1948 साली ऑक्सफर्डने काढला. आज दुकानात 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' नावाने मिळतो तो त्याच घराण्यातला. 1978 साली लाँगमनने सुमारे दोन हजार शब्दांत सगळ्या व्याख्या बसवणारा कोश काढला. 1987 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली कोबिल्ड नावाचा कोश तयार झाला, त्यात व्याख्याच पूर्ण वाक्यात असते, जशी शिक्षक फळ्यासमोर उभा राहून सांगतो. हे कोश जाड वाटतात, पण जाडी उदाहरणांमुळे आलेली असते.

आमचा सल्ला म्हणून सांगायचा तर मुलाला आधी असा एक लर्नर्स कोश घेऊन द्या. छापील नको असेल तर ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे कोश मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात आणि शब्दाचा उच्चारही ऐकता येतो. इंग्रजी-उर्दू किंवा इंग्रजी-मराठी कोश टाकून द्या असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मौलवी अब्दुल हक यांच्या हाताखाली तयार झालेला इंग्रजी-उर्दू कोश 1937 साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूने काढला. अंजुमनचे कार्यालय तेव्हा औरंगाबादेत होते, म्हणजे उर्दूच्या या मोठ्या कामाचा पत्ता आपल्याच मराठवाड्यातला आहे. मराठीत मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. या कोशांत एकेका इंग्रजी शब्दासमोर अनेक शब्द दिलेले असतात. ते अनेक का आहेत, याचा विचार केला असता तर आमच्या रकान्यात एकच शब्द राहिला नसता.

आता वर्गात काय केले ते सांगतो. एक दिवस फळ्यावर तीन शब्द लिहिले : फ्रूगल, स्टिंजी, एक्स्ट्रॅव्हॅगंट. अर्थ सांगितला नाही. उलट मुलांना सांगितले की आज घरी जाऊन दादी-नानीला विचारा, किफायत, कंजूसी आणि फुजूलखर्ची यांत फरक काय. इंग्रजीचे नाव काढू नका. दुसऱ्या दिवशी जी उत्तरे आली त्यांनी आमची बीएडची सगळी पाठटिपणे फिकी पडली. एका मुलीच्या नानीने सांगितले होते, "अपने उपर हात खींचे वो किफायत, मेहमान के सामने हात खींचे वो कंजूसी." दुसऱ्या एका दादीने सांगितले की जुन्या लुगड्याची गोधडी शिवणे ही किफायत, आणि घरात नवी रजई असताना पाहुण्याला ती गोधडी देणे ही बखिली. फुजूलखर्चीवर सगळ्यांचे एकमत होते : लग्नाचा मंडप. एका मुलाच्या अम्मीने तर गल्लीतल्या एका लग्नाचे नावच घेतले. ते आम्ही फळ्यावर लिहिले नाही.

मग आम्ही कोश उघडला. तिथे फ्रूगलची व्याख्या अशी की पैसा किंवा अन्न जेवढे लागेल तेवढेच वापरणारा. हा शब्द बहुतेक वेळा चांगल्या अर्थाने येतो. स्टिंजी म्हणजे असूनही द्यायला मन न होणारा, हा नेहमी दोष. एक्स्ट्रॅव्हॅगंट म्हणजे गरजेपलीकडे उधळणारा. मुले एकमेकांकडे पाहू लागली. नानीने अगदी तेच सांगितले होते. मग वाक्ये बनली. "माय नानी इज फ्रूगल बट शी इज नॉट स्टिंजी." हे वाक्य ज्या मुलीने लिहिले तिला आता हे दोन शब्द विसरता येणार नाहीत, कारण त्या वाक्यात तिची नानी बसली आहे.

यातून आम्हाला एक गोष्ट कळली. आपल्या घरात बारीक फरक ओळखायची कुवत आधीपासून असते, फक्त ती इंग्रजीच्या वहीपर्यंत पोचत नाही. दुसरे उदाहरण घ्या. रिग्रेट, रिमोर्स, रिपेंट. आमच्या जुन्या यादीत तिन्हींसमोर एकच शब्द होता : पस्तावा. आता पाहा. गाडी उशिरा आली की स्टेशनवर जी दिलगिरी ऐकू येते ती रिग्रेट. खेद आहे, पण बोलणारीने काही गुन्हा केलेला नाही. रिमोर्स म्हणजे आपल्या हातून कोणाचे वाईट झाले आणि ते आत टोचत राहते. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले 'पुन्हा चावणे' आहे. आपल्याकडे त्याला नदामत म्हणतात. आणि रिपेंट म्हणजे नुसते टोचणे नव्हे, तर वळणे. इथे मुलांना काही समजावून सांगावेच लागले नाही. तौबा कशी होते, हे मकतबमध्ये जाणारे मूलही सांगते : गुनाह सोडायचा, झाल्याची नदामत हवी, पुन्हा न करण्याचा पक्का इरादा हवा, आणि कोणाचा हक मारला असेल तर तो परत करायचा. म्हणजे तौबेत नदामत आहे, पण नदामतीत तौबा असेलच असे नाही. एका मुलाने उठून विचारले, "सर, मग 'आय रिपेंट द डिले' असे लिहिले तर?" वर्ग हसला. पण हे हसणे वेगळे होते. शब्द कुठे बसत नाही हे ज्याला कळले, त्याला तो कळला.

काही शब्द मात्र दिसतात एक आणि असतात दुसरेच. 'इन' लागला की नकार, असे आम्हीच शिकवतो. करेक्ट, इनकरेक्ट. मग मूल इनव्हॅल्युएबल पाहते आणि म्हणते, ज्याला किंमत नाही तो, फालतू. अर्थ नेमका उलटा : ज्याची किंमत करता येत नाही इतका मोलाचा. यावर आमच्याकडे तयार औषध आहे. अनमोल. अन आणि मोल, मोल नाही, तरी आपण हिऱ्याला अनमोल म्हणतो, कचऱ्याला नाही. मराठीतला अमूल्यही तसाच. एवढे सांगितले की गाठ सुटते. इन्फेमस म्हणजे फेमस नसलेला नव्हे, तर कुप्रसिद्ध, आमच्या नोटोरियसचा सख्खा भाऊ. आणि तिसरा शब्द थट्टेचा नाही. गॅसच्या टँकरच्या पाठीमागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. याचा अर्थ पेट न घेणारा असा लावणारी मुले आम्हाला नववीत भेटली आहेत. त्याचा अर्थ चटकन पेट घेणारा. यातला 'इन' नकाराचा नाहीच. हा शब्द मुलांना परीक्षेत येवो न येवो, रस्त्यावर येतो.

मग सोबतीचा प्रश्न. कठीण शब्द पाठ झाला तरी त्याच्या शेजारी कोणता शब्द बसतो हे कळले नाही तर वाक्य लंगडते. जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषातज्ज्ञ 1919 ते 1928 लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे लंडनला जाऊन त्यांनी हा विचार ठामपणे मांडला की शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा. आपले बुजुर्ग माणसांबद्दल हेच सांगत आले आहेत, सोहबत पाहा. मुलांना आम्ही हे असे समजावतो : आपण नमाज पढतो, रोजा ठेवतो, जकात देतो, हज करतो. "मी आज रोजा पढला" असे कोणी म्हणाले तर दोन वर्षांचे मूलही हसेल. चारही अरकान, पण प्रत्येकाचे क्रियापद वेगळे, आणि ते कोणी आपल्याला नियम म्हणून शिकवले नाही, ऐकून आले. इंग्रजीतही तसेच. मिस्टेक 'मेक' करतात, 'डू' नाही. क्राइम 'कमिट' करतात. रोजा 'कीप' किंवा 'ऑब्झर्व्ह' करतात, नमाज 'ऑफर' करतात, हज 'परफॉर्म' करतात. आपण 'गलती करना', 'चूक करणे' म्हणतो म्हणून मुले 'डू मिस्टेक' लिहितात. त्यांना रागवून उपयोग नाही. कोशात मिस्टेक शब्द उघडून त्याखालची चार वाक्ये मोठ्याने वाचून घ्यायची, एवढाच उपाय. कडक चहा इंग्रजीत 'स्ट्राँग' असतो, 'हार्ड' नसतो. हे कोणत्याही यादीत मिळणार नाही, वाक्यातच मिळते.

एक रस्ता आमच्या उर्दूच्या मुलांसाठी थोडा जास्त उघडा आहे, तोही सांगतो. इंग्रजीत अरबीतून गेलेले शब्द थोडेथोडके नाहीत. अल्जिब्रा हा अल-जब्रवरून, कॉटन हा कुत्नवरून, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण वरच्या पातळीचे म्हणून जे शब्द स्पर्धा परीक्षांत येतात त्यांतही हे पाहुणे आहेत. झेनिथ म्हणजे डोक्यावरचा सर्वोच्च बिंदू, यशाचे शिखर. त्यात अरबी सम्त आहे, उर्दूत आपण सिम्त म्हणतो, दिशा. नेडिर म्हणजे त्याच्या बरोबर समोरचा, खालचा बिंदू, अवस्थेचा तळ. त्यात नजीर आहे, समोरासमोरचा. बेनजीर या नावात आपण तोच शब्द वापरतो, ज्याच्या तोडीचा समोर कोणी नाही असा. आणि मॅगझिन! हा शब्द मखझन या अरबी शब्दापासून आला. मखझन म्हणजे कोठार, आपला खजाना त्याच धातूतला. इंग्रजीत आधी दारूगोळ्याच्या कोठाराला मॅगझिन म्हणत, म्हणून बंदुकीतही मॅगझिन असते. 1731 साली लंडनमध्ये 'जेंटलमन्स मॅगझिन' निघाले आणि माहितीच्या कोठाराला हे नाव चिकटले. 1901 साली लाहोरहून शेख अब्दुल कादिर यांनी उर्दू मासिक काढले त्याचे नाव 'मखझन', ज्याच्या पहिल्याच अंकात इकबाल यांची 'हिमाला' ही कविता आली होती. म्हणजे शब्द युरोप फिरून आला आणि त्याचा भाऊ घरी बसूनच मासिक झाला. वाचकांच्या हातात हे जे आहे तेही मखझनच.

पण इथे जरा लगाम हवा. मूळ ठाऊक असले की शब्द लक्षात राहतो, त्याचा आजचा अर्थ त्यातून कळेलच असे नाही. वर तारीफ शब्द आला. त्यापासूनच इंग्रजीतला टॅरिफ निघाला, आणि आज टॅरिफ म्हणजे आयातीवरचा कर किंवा विजेचा दर. कोणी विजेच्या बिलावर टॅरिफ वाचून आपली स्तुती झाली असे समजू नये. मूळ हे खुंटीसारखे आहे. शब्द टांगायला चांगले, पण टांगलेला सदरा कोणाच्या अंगाला बसतो हे खुंटी सांगत नाही. ते काम व्याख्येचे आणि वाक्याचे.

राहिला प्रश्न लक्षात ठेवण्याचा. बाजारात रोज पन्नास शब्द शिकवणारे क्लास आहेत, मोबाइलवर तर शंभर शिकवणारेही आहेत. आम्हाला ते पटत नाही. हिफ्जच्या मुलांकडे पाहा. ती रोज नवा सबक घेतात, त्याआधी गेल्या काही दिवसांची सबकी सुनावतात, आणि मागचे पारे आमोख्ता म्हणून फिरवून फिरवून ऐकवतात. नव्यापेक्षा जुन्याला जास्त वेळ. कोणताही उस्ताद नुसता सबक पुढे ढकलत नाही, कारण त्याला ठाऊक असते की मागचे निसटेल. जर्मनीत हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून आणि स्वतः विसरून पाहिले, त्यांचे पुस्तक 1885 चे. त्यांना दिसले की विसरणे सुरुवातीला फार वेगाने होते आणि पुढे मंदावते, आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी एकदम केलेल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते. मदरशाची पद्धत यापेक्षा पुष्कळ जुनी आहे.

म्हणून आमच्या वर्गात रोज तीनच शब्द. वहीत प्रत्येक शब्दाखाली तीन ओळी : पहिली कोशातल्या सोप्या व्याख्येची, दुसरी कोशातल्या वाक्याची, तिसरी आपल्या घरातल्या, गल्लीतल्या, खऱ्या माणसाच्या वाक्याची. तिसरी ओळ खोटी चालत नाही. "राम इज अ मेटिक्युलस बॉय" आम्ही खोडतो. "माय मामू इज मेटिक्युलस, ही चेक्स द गॅस नॉब थ्री टाइम्स" याला बरोबरची खूण. मग कालचे तीन, मग गेल्या आठवड्यातला एखादा दिवस. शुक्रवारी फक्त आमोख्ता. आठवड्याला पंधरा शब्द होतात, कमी वाटतात. शाळेचे चाळीस आठवडे धरले तर वर्षाला सहाशे, आणि तेही वापरता येणारे.

घरच्यांचे काम एवढेच की मुलाला संध्याकाळी विचारावे, आजचे तीन शब्द आम्हाला आपल्या भाषेत समजावून सांग. अम्मीला इंग्रजी येत नसेल तर फार उत्तम. मूल तिला एका शब्दात उडवून लावू शकत नाही, "मेटिक्युलस यानी मेटिक्युलस" म्हणता येत नाही, त्याला तारीफ करावीच लागते. आणि अम्मी "मतलब तेरे मामू जैसा?" असे म्हणाली की शब्द पक्का झाला. ज्या पालकांनी पालकसभेत आम्हाला "हम क्या मदद करें, हम तो अनपढ हैं" असे सांगितले त्यांच्याच घरातल्या वह्या आज सगळ्यांत भरलेल्या आहेत.

ज्या मुलीपासून सुरुवात केली तिचा धाकटा भाऊ सध्या आमच्याकडे नववीत आहे. गेल्या महिन्यात वह्या तपासताना त्याच्या वहीत नोटोरियस शब्द दिसला आणि आमचा हात जरा थांबला. तिसरी ओळ होती : "द टर्न नियर द ऑक्ट्रॉय नाका इज नोटोरियस फॉर ॲक्सिडेंट्स." त्याखाली, कोणी सांगितले नसताना, त्याने आणखी एक वाक्य लिहिले होते : "माय फादर इज अ रिनाउंड टेलर." रिनाउंडवर वेगळ्या शाईची एक रेघ होती आणि वर बहिणीच्या अक्षरात, जे आम्ही चांगले ओळखतो, दुरुस्ती होती. वेल-नोन. बाजूला उर्दूत बारीक लिहिले होते की रिनाउंड जरा मोठा होतो, अब्बांना तो सदरा ढिला पडेल.